उतरलेले दुखणे

डॉ. शालिनी वारंगकर रोग्याला रोग विचारत नसत, उपाय विचारत. "काय होतंय?" हा प्रश्न त्यांच्या दवाखान्यात सर्वांत शेवटी येई. आधी येत ते प्रश्न असे : "मागं कधी कबुतर लावलं होतं का? कोणाकडून दोरा आणला होता? तेल चोळून घ्यायला कुठं नेलं होतं?" नवख्या रोग्याला वाटे, आपण चुकून भगताच्या दारात आलो. जुना रोगी हसे आणि बोलू लागे.

हिंगोलीत मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा दवाखाना होता. माझे घर त्याच्या समोर. मी वकिली केली. उलटतपासणीवर पोट भरले. खोटे बोलणारा साक्षीदार अवघड नसतो; तो कुठेतरी अडखळतो. जो खरेच बोलतो आणि तरीही मुद्द्याचे काही सांगत नाही, तो अवघड. अशा माणसाला बोलते करण्याचे काम वारंगकरबाईंना माझ्याहून चांगले येत असे. त्यांच्याविषयी लिहिण्याचे हे एक कारण. दुसरे पुढे येईल.

बाई उंच, सडपातळ आणि आवाजाने कोरड्या होत्या. सुती लुगडे, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. फिरत्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नाहीत. रोग्याच्या शेजारी एक लाकडी स्टूल असे, त्यावर बसत आणि आधी नाडी धरत. नाडी त्या पूर्ण मिनिटभर मोजत. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याची रीत त्यांना मान्य नव्हती. "बेताल ठोक्याचा गुणाकार होत न्हाई," असे म्हणत. त्या मिनिटात कोणी काही बोलले तर त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. रोग्याच्या नातलगांना ही गोष्ट एकदाच सांगावी लागे.

हळदीच्या हंगामात दवाखान्याच्या फरशीवर पिवळी पावले उमटत. झाडणारी मावशी कुरकुरे. बाई तिला थांबवत. पावलांच्या रांगेत डावे किंवा उजवे पाऊल ओढल्यासारखे दिसले, तर माणूस बसण्याआधीच त्यांच्या कपाळाला आठी पडे.

त्यांचे सगळे लक्ष एका दुखण्यावर होते. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात. एट्रियल फिब्रिलेशन असे त्याचे नाव. बाई ते नाव एकदा सांगत आणि बाजूला ठेवत. मग म्हणत, "पाटाचं पाणी वाहतं असलं की गाळ धरत न्हाई. कोपऱ्यात थांबलं की धरतो. तुमचं रक्त कोपऱ्यात थांबून राहिलं." तेथे रक्त साकळते. एखादी गुठळी सुटून मेंदूकडे गेली की हात, पाय किंवा वाचा जाते. आमच्याकडे त्याला लकवा म्हणतात, किंवा नुसतेच "वारं गेलं" म्हणतात.

ठोका बेताल असलेल्या प्रत्येकालाच लकवा होतो असे नाही. कोणाला होण्याचा संभव अधिक, हे ठरवण्याचे एक कोष्टक डॉक्टरांकडे असते. रक्तदाबाला एक गुण, साखरेला एक, थकलेल्या हृदयाला एक, रक्तवाहिन्यांच्या आजाराला एक. वय पासष्टच्या पुढे गेले की एक, पंचाहत्तरच्या पुढे दोन. आणि लकवा पूर्वी कधी येऊन गेला असेल, मग तो घटकाभराचा का असेना, तर एकदम दोन. बाई हे गुण कागदावर मांडण्याआधी रोग्याच्या हातावर मांडत.

"बीपी हाय ना? मिटा एक बोट. साखर? मिटा दुसरं."

बोटे मिटून झाली की त्या मुठीकडे बोट दाखवत. "ज्या हातावर मोजून राहिले, तोच हात वाचवायचा हाय. ध्यानात ठेवा."

ही मोजणी गावोगाव पोचली. एस.टी. स्टँडवर दोन म्हातारे एकमेकांना बोटे दाखवताना मी पाहिले आहेत. कळमनुरीचे एक पाटील होते. चार बोटे मिटली तेव्हा ते खूश झाले.

"चार! म्हंजे पास झालो की न्हाई, बाई?"

"इथं शून्यवाल्याचा पहिला नंबर असतो, पाटील. तुमी नापास."

"उभ्या जन्मात नापास झालो न्हाई म्या."

दाराबाहेरून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "शाळंत गेलं तर नापास होईल ना माणूस!"

बाई हसल्या नाहीत. चिठ्ठी लिहिताना त्यांचे पेन मात्र थोडे थांबले.

वयाचा गुण हा मोठा पेच होता. आमच्या पिढीत अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख लिहिली. निराधारांच्या पगारासाठी काहींचे वय कागदावर वाढले, नोकरीसाठी काहींचे घटले. बाई कागद पाहत आणि परत देत. एका गृहस्थाच्या आधार कार्डावर पासष्टी अजून यायची होती.

"बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली का?" बाईंनी विचारले.

"फोडली की. मी बी आन् मंडळी बी."

"लेकरू होतं?"

"थोरला होता. तिच्या कडेवर."

"या कागदापरमानं तवा तुमी दहा-अकरा वर्षांचे. मंग लेकरू कोणाचं?"

गृहस्थ रागावले. "कागद गुरुजीचा हाय, बाई. लेकरू माहं हाय!"

"तेच म्हणते मी. मिटा बोट."

मात्र या सर्व चातुर्यामागे एक हार होती. ती त्यांनी कोणापासून लपवली नाही. उलट, न विचारता सांगत. शिरड शहापूरचा एक शेतकरी, दत्तराव नावाचा, पूर्वी त्यांच्याकडे येत असे. ठोका बेताल, वय साठीच्या आत, रक्तदाब नाही. थोडी साखर. बाईंनी विचारले, "कधी लकवा झाला होता का?" तो म्हणाला, "न्हाई." एक बोट मिटले. एका बोटावर गोळी द्यावी की न द्यावी, हा विचाराचा प्रश्न असतो. बाईंनी दिली नाही. सुगीच्या दिवसांत त्याला बैलगाडीतून आणि मग जीपमधून आणले. उजवे अंग गेले होते आणि वाचाही.

त्याची बायको दारात बसून बोलली. "मागल्या पोळ्याला बी असंच झालं होतं. तोंड वाकडं झालं, हातातली वेसण सुटली. कबुतराचं रक्त चोळलं. सांजच्याला बोलाय लागले."

"मी विचारलं तवा सांगितलं काहून न्हाई?"

"उतरलं होतं की, बाई. उतरलेलं दुखणं काहून सांगावं? नाव घेतलं तर वापस येते."

घटकाभराचा लकवा आपोआपच ओसरतो. त्याचे श्रेय मात्र त्या वेळी जो उपाय केलेला असेल त्याला मिळते. उपाय लागू पडला म्हणजे दुखणे संपले, आणि संपलेल्या दुखण्याचा उच्चार अशुभ. कोष्टकातले सर्वांत जड दोन गुण असे घरोघर झाकून ठेवलेले होते. दत्तराव खोटे बोलला नव्हता. त्याच्या हिशेबी त्याला लकवा झालेलाच नव्हता.

तो पुढे जगला, पण बोलला नाही. बाई वर्षातून एकदा त्याच्या घरी जात. त्याच्यासमोर बसत, चहा घेत, परत येत. त्या भेटीनंतर दोन-तीन दिवस त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे. "लकवा झाला होता का?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा कोणाला विचारला नाही. त्यांनी कबुतर विचारायला सुरुवात केली.

गावातली काही डॉक्टर मंडळी पाठीमागे त्यांना कबुतरवाली बाई म्हणत. एका सभेत एका तरुण डॉक्टरने सर्वांदेखत विचारले, "मॅडम, कबुतराचे किती गुण धरता?"

"दोन," बाई म्हणाल्या आणि चहाचा कप उचलला.

हा प्रश्न पुन्हा निघाला नाही.

गोळीच्या बाबतीत त्यांचा नियम एका वाक्याचा होता. "एका बोटावर मी भांडत न्हाई. दोनावर भांडते. त्यापुढं ऐकत न्हाई." लोक त्या गोळीला रक्त पातळ करायची गोळी म्हणत आणि घाबरत. विळा लागला, कोयता लागला तर रक्त थांबायचे कसे? बाई भीती उडवून लावत नसत. गोळी देण्याआधी त्या दुसरी चौकशी करत : पोटात व्रण आहे काय, दारू आहे काय, सांधेदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर घेता काय. मग सांगत, "रक्त पातळ होत न्हाई. गुठळी धरत न्हाई, एवढंच." उपवासाला गोळी चालते का, असे बायका विचारत. बाई म्हणत, "साबुदाण्यापेक्षा हलकी हाय. घ्या."

आणखी एक नियम होता. बाईमाणूस तपासताना नवरा बाहेर. आमच्या भागात स्त्रीचे दुखणे तिचा नवरा सांगतो, आणि ते बहुधा "तिला काही न्हाई" या तीन शब्दांत आटोपते. बाईंच्या दाराला आतून कडी होती. तिच्याबद्दल पुरुषांची तक्रार असे. मीही त्या कडीला अनावश्यक समजत होतो.

माझी पत्नी सुशीला गुडघ्यासाठी त्यांच्याकडे गेली. मी बरोबर होतो. बाईंनी सवयीने नाडी धरली. मिनिट संपले. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजले, जरी कोणी बोलले नव्हते. मग छातीचा आलेख काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मला त्यातले कळत नव्हते. रेघांमधली अंतरे सारखी नाहीत एवढे दिसले.

पत्नी सत्तरीची होती. रक्तदाब नाही, साखर नाही. एक बोट मिटले. स्त्री असण्याचाही एक गुण पूर्वी धरत; नवे लोक तो वगळतात, असे बाईंनी सांगितले. "बाई असणं हा रोग न्हाई," त्या म्हणाल्या. "बाईला न इचारणं, हा रोग हाय."

मी युक्तिवाद केला. "एका बोटासाठी जन्मभर गोळी कशाला? माझ्या एका अशिलाला त्या गोळीने पोटात रक्तस्राव झाला."

"झाला असंल. ते गुडघ्याच्या गोळ्या परस्पर घेत होते का?"

"ते मला माहीत नाही."

"मंग अर्धी साक्ष काहून देता, वकीलसाहेब?"

त्यांनी दाराकडे पाहिले.

"आता तुमी बाहेर बसा."

"मी तिचा नवरा आहे."

"म्हणूनच."

मी बाहेर बाकावर बसलो. आतून कडी लागली. समोर मोंढ्याकडे जाणाऱ्या ट्रकची रांग होती. बाकावर शेजारी एक शेतकरी होता. त्याने मला विचारले, "तुमाला बी काढलं का बाहेर?" मी होकार दिला. तो म्हणाला, "मला तर दर बारीला काढते. आमच्या मंडळीला आत काय बोलायचं असते, देव जाणे. घरी तर एक शबुद न्हाई." दाराच्या लाकडातून आवाज येत होता. शब्द येत नव्हते. एकदा पत्नीचा आवाज बराच वेळ सलग चालला. इतका सलग मी तो अलीकडे ऐकला नव्हता.

कडी निघाली. दार उघडता उघडता बाईंचे शेवटचे वाक्य बाहेर आले. "दोरा राहू द्या, वहिनी. गोळी बी राहू द्या. दोघांचं काही भांडण न्हाई."

दोऱ्याचा उल्लेख मी प्रथमच ऐकला. पत्नी कोपरापर्यंत बाह्यांचे पोलके घालते.

ती चपला घालीत होती तेवढ्यात मी बाईंना विचारले, "काय सांगितलं तिने?"

"वकीलसाहेब, अशील तुमच्याजवळ बोलतो ते तुमी मला येऊन सांगता का?"

"नाही."

"मंग?" त्या थांबल्या. "दोन बोटं वाढली. एवढं तुमाला पुरंल."

पुरले. पत्नी पंचाहत्तरीची नव्हती. कोष्टकात दोन गुणांचे दुसरे कलम एकच होते. म्हणजे केव्हातरी, मी घरात असेन किंवा न्यायालयात, तिची वाचा किंवा हात गेला होता आणि परत आला होता. शेजारच्या कोणीतरी तिला कोठेतरी नेले होते. दोरा बांधला गेला होता, आणि दुखणे उतरले होते. अशा गोष्टींविषयी माझी मते घरात सर्वांना माहीत होती. ती मी पुष्कळदा मोठ्याने सांगितली होती.

एकावर दोन, तीन झाले. तिनावर बाई ऐकत नसत. मी युक्तिवाद मागे घेतला.

रस्ता ओलांडताना पत्नी म्हणाली, "गोळी रोजच्या रोज घ्यायची हाय. तुमी आठवण करून देऊ नका. मी घेईन." माझे प्रश्न तयार होते : कधी, कोठे, कोण बरोबर होते. साक्षीदार घरातच होता. पण बाईंनी जे मिळवले ते मला बाहेर बसवून मिळवले होते. मी विचारले नाही. तिने गोळी एकदाही चुकवली नाही, हे मी डब्यावरून नव्हे, तर तिच्या चालीवरून, हातावरून आणि बोलण्यावरून सांगू शकतो. तिन्ही शाबूत आहेत.

बाईंनी दवाखाना बंद केला तो कानांमुळे. एके दिवशी नळी छातीला लावून त्या बराच वेळ थांबल्या. मग नळी गळ्यातून काढली आणि रोग्याला सांगितले, "मला नीट ऐकू येत न्हाई. तुमी दुसरीकडं दाखवा." त्याच आठवड्यात पाटी उतरली. लोकांनी निरोपसमारंभाचा घाट घातला. मला सांगायला पाठवले. बाई म्हणाल्या, "हार घालून घ्यायला मी लगीन करून राहिले का?" समारंभ झाला नाही. त्याऐवजी त्या शिरड शहापूरला जाऊन दत्तरावासमोर बसून आल्या. परत आल्यावर मला म्हणाल्या, "त्याला सांगून आले, जाते म्हणून. त्यानं डाव्या हातानं एक बोट मिटून दाखवलं."

आता त्या जागेत नवे डॉक्टर आहेत. हुशार आहेत, नम्र आहेत. गेल्या महिन्यात पत्नीला घेऊन गेलो. त्यांनी संगणकाकडे पाहत मला विचारले, "आजोबा, आजींना पूर्वी कधी स्ट्रोक झाला होता का?"

मी उठलो. "तिला विचारा," म्हणालो. "आणि आधी विचारा, दोरा कोणी बांधला होता." डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. पत्नीनेही पाहिले. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतले. कडी आतून लागली नाही. तिचा वापर त्यांना अजून समजलेला नाही.

बाकावर बसलो असता बाईंचे शेवटचे दर्शन आठवले. अकोल्याला मुलीकडे राहायला जाण्यासाठी त्या निघाल्या, तेव्हा आम्ही दोघे स्टेशनवर गेलो होतो. पत्नीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी लागली होती. बाई खिडकीशी बसल्या होत्या. पत्नीने निरोपाचा हात पुढे केला. बाईंनी हात धरला नाही, मनगट धरले.

मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "वकीलसाहेब, जरा पाणी भरून आणा."

बाटली जवळजवळ भरलेली होती. मी ती घेतली आणि फलाटाच्या टोकाच्या नळापर्यंत गेलो. असलेले पाणी ओतून टाकले, पुन्हा भरले, झाकण लावले आणि तेथेच उभा राहिलो. दोघी बोलत होत्या. पत्नी काहीतरी सांगत होती. बाई कान खिडकीच्या गजांना लावून ऐकत होत्या. मग पत्नी थांबली, कारण बाईंनी बोट ओठांवर ठेवले होते. त्यांनी आपले मनगट फिरवून घड्याळ पाहिले. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती.

गाडीने शिटी दिली. गार्डाने निशाण दाखवले. मी बाटली घेऊन निघालो होतो, तो थांबलो. बाईंची नजर घड्याळावर होती, बोटे पत्नीच्या मनगटावर होती. मिनिट अजून पुरे झाले नव्हते.